पिसांच्या किड्यांची पुस्तकं

आमच्या घरात मासा शिजत नाही, पण मासे पकडायची पुस्तकं मात्र कपाटभर आहेत. नवीन पाहुणे आले की मी हे पहिल्या चहालाच सांगून टाकते, म्हणजे नंतर कपाट उघडल्यावर कुणी भुवया उंचावायला नको. कपाट खरं तर माझ्या साड्यांसाठी घेतलं होतं. वरचे दोन खण माझ्याकडे राहिले, बाकी सगळे इंग्रज साहेबांच्या नद्यांना गेले.

आमचे हे, म्हणजे पंडित महाजन, सुरतेत बमरोलीच्या एका कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये कलर मास्तर होते. आम्ही राहतो ती सगळी डिंडोली त्यांना मास्तर म्हणते, म्हणून मीही इथे मास्तरच म्हणणार. नवऱ्याचं नाव घ्यायची सवय मला उखाण्यापुरतीच आहे. मास्तरांच्या गळ्यात तुळशीची माळ. सोमवारी मंदिरात भजन, एकादशीला साबुदाणा, शेजारच्या घरात बोंबील भाजला की आमच्या खिडक्या बंद. आणि हाच माणूस तुम्हाला सांगणार की दीडशे वर्षांपूर्वीच्या कुठल्या साहेबाने कोंबड्याच्या मानेचं पीस आणि पिवळं रेशीम गळावर गुंडाळून माशाला कसं बनवलं.

तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, मलाही माहीत नव्हतं. गांडूळ लावून मासा धरणं या साहेबांना हलकं वाटायचं. ते गळावर पिसं, रेशीम, सशाचे केस, जरीची तार असलं काहीबाही बांधून खोटा किडा तयार करत. तो लांब दोरीने पाण्यावर अलगद टाकायचा. माशाला वाटतं खरा किडा बसलाय, तो तोंड मारतो आणि अडकतो. या खोट्या किड्याला म्हणायचं फ्लाय. कुठल्या महिन्यात, कुठल्या पाण्यावर, कुठल्या रंगाचा फ्लाय बांधावा यावर साहेबांनी इतकी पुस्तकं लिहून ठेवलीत की हे लोक राज्य कधी चालवत होते, देव जाणे.

पहिलं पुस्तक आणलं उखाभाऊंनी. उखाभाऊ मास्तरांच्याच गावाकडचे, खानदेशात अमळनेर तालुक्यातले, दोघांचं बोलणं अजून अहिराणीच. दोघं एकाच वर्षी सुरतेला आले, एकाच खोलीत राहिले, एकाच स्टोव्हवर खिचडी केली. पुढे मास्तर रंगात गेले आणि उखाभाऊंनी उधन्यात पस्तीचं दुकान टाकलं. पस्ती म्हणजे रद्दी. सुरतेत राहून रद्दी म्हटलं की लोक तोंडाकडे बघत राहतात, म्हणून आम्हीही पस्तीच म्हणतो.

तर एका रविवारी उखाभाऊ घरी आले आणि काखेतलं एक बिनपुठ्ठ्याचं पुस्तक माझ्यापुढे धरलं. "वहिनी, हाई दागिनास्नं पुस्तक शे. सोनारले दखाडा." आत पानभर रंगीत चित्रं होती. वाकडी तार, तिला लाल गोंडा, वर सोनेरी वेढे, खाली पिसाची शेपटी. मला तर ती कानातलीच वाटली. मी त्यातलं एक बोट ठेवून पसंतसुद्धा केलं, दिवाळीला असलंच पाहिजे म्हणून. आमची हर्षदा तेव्हा कॉलेजात होती. तिने दोन ओळी वाचल्या आणि पोट धरून हसायला लागली. "पप्पा, आ तो माछली पकडवानी चोपडी छे!" माझी पोर चिडली, हसली की गुजरातीत जाते.

मी म्हटलं, बाहेर काढा ते. माळकऱ्याच्या घरात मासेमारी नको. पण मास्तर तोवर शेवटच्या पानांवर गेले होते. तिथे पिसं कशी रंगवायची ते लिहिलं होतं. कांद्याची सालं किती, तुरटी किती, पाणी कधी काढायचं, पीस वाळल्यावर रंग किती उतरतो. हर्षदा वाचत होती आणि मास्तर मान डोलवत होते, भजनात चांगली चाल लागली की डोलवतात तशी.

"यानं बी आपलंच काम करं," ते म्हणाले. "हाऊ पिसंवर, मी पॉलिस्टरवर."

"पण मासे!" मी म्हटलं.

"पुस्तक मासा धरस का?"

पुस्तक घरात राहिलं. मात्र त्यांनी स्वतःच एक नियम घालून घेतला. पुस्तक घरात येईल, गळ येणार नाही. एकदा उखाभाऊंना पत्र्याच्या चपट्या डबीत खरेखुरे जुने फ्लाय सापडले. मास्तर दुकानात बसून अख्खी दुपार ते बघत राहिले, हात हातात धरून. मग डबी बंद करून तिथेच ठेवून आले. त्या दिवशी त्यांना जेवणही गोड लागलं नाही.

पुढे रविवार म्हणजे उधना हे ठरून गेलं. नवसारीतला एखादा पारशी बंगला रिकामा होई, कुणा निवृत्त इंजिनियराची मुलं अमेरिकेतून येऊन घर विकत, त्यातलं कागदपत्र वजनावर उखाभाऊंकडे येई. उखाभाऊंना इंग्रजीचं अक्षर येत नाही. त्यांची परीक्षा सोपी होती: चित्रात पीस किंवा वाकडी तार दिसली की पुस्तक मास्तरांचं. या परीक्षेत कुक्कुटपालनाची दोन पुस्तकं पास झाली आणि एक डॉक्टरी पुस्तक, ज्यात टाके घालायच्या सुया होत्या. मास्तरांनी तीही घेतली. माणसाने आठवड्याभराच्या ढिगातून आपल्यासाठी वेचून ठेवलेली गोष्ट परत कशी करायची, म्हणायचे. कोंबड्यांची पुस्तकं अजून कपाटात आहेत.

घरी आणलेलं पुस्तक आधी उन्हात न ठेवता सावलीत वाळवायचं, मग पान पान पुसायचं, मग मिलमधून आलेल्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळायचं. तुकडासुद्धा असातसा नाही. त्या पुस्तकातला जो फ्लाय मास्तरांना सगळ्यांत आवडला, त्याच्या रंगाचा. त्यामुळे कपाट उघडलं की आत साड्यांचं दुकान वाटतं आणि माझ्या साड्या त्यापुढे फिक्या. रोज संध्याकाळी एक पान, आधी डिक्शनरी घेऊन आणि आता फोन पुढे धरून. फोन काय वाट्टेल ते भाषांतर करतो, पण रंगाचे शब्द त्यांना बरोबर कळत. रंगाच्या बाबतीत त्यांना कुणाची मदत लागत नव्हती.

हे मी थट्टेने म्हणत नाही. मिलमध्ये शेड जुळवायचा कॉम्प्युटर आला, एसी खोली आली, तरी शेठ शेवटी तुकडा मास्तरांच्या हातात द्यायचे. मास्तर तो उत्तरेच्या खिडकीत धरायचे आणि सांगायचे, लाल जरा जास्त झाला. जास्तच झालेला असायचा. रिटायर झाल्यावरही गल्लीतल्या बाया ब्लाउजपीस घेऊन त्यांच्याकडे येत. आमच्या घरात रंगाचं नाव त्यांनी घ्यायचं आणि बाकीच्यांनी ते मानायचं, अशी पद्धतच पडली. मी स्वयंपाकात त्यांना बोलू देत नाही, ते रंगात मला बोलू देत नाहीत, संसार सुरळीत चालला होता.

मग ते पुस्तक आलं.

उखाभाऊंचा सकाळीच फोन आला, आवाज नुसता उड्या मारत होता. नानपुऱ्यातल्या एका जुन्या घरातून माल आला होता आणि त्यात एक फ्लायचं पुस्तक होतं, ज्यातली चित्रं छापलेली नव्हती, एकेक हाताने रंगवलेली होती. बोट फिरवलं तर रंग जाणवतो, म्हणाले. असं पुस्तक जगात असतं हे मास्तरांनी दुसऱ्या पुस्तकांत वाचलं होतं आणि एखादं तरी हातात यावं म्हणून ते वर्षानुवर्षं झुरत होते. मलाही बरोबर नेलं. मी उधन्याला भाजी घेणार होते म्हणून गेले, पुस्तकासाठी नाही, हे आपलं सांगून ठेवते.

उखाभाऊंनी पुस्तक नव्या टॉवेलात ठेवलं होतं. सरलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, चहात वेलची घातली होती. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती, तीही थांबली. मास्तरांनी हात धुतले, पुसले, पुस्तक शटरपाशी उजेडात नेलं आणि उघडलं. बराच वेळ बघितलं. पान उलटलं, पुन्हा मागे आले. चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं. आणि त्यांचा चेहरा मिलमध्ये बिघडलेल्या लॉटपुढे व्हायचा तसा झाला.

"उखा, हाऊ माल खरा नही शे."

"काय म्हनतस मास्तर?"

"खाले ब्लू रेशीम लिखेल शे, आनि वरे हाऊ मेहंदी. कोनीतरी मांगून रंग लायेल शे. बनावट शे."

उखाभाऊ पुस्तकाकडे बघत राहिले. "जसं उनं तसं तुमना हातमा दिधं, मास्तर. मी काय करनू नही."

इथे थांबायला हवं होतं. पण इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते खोटं निघालं म्हणून मास्तरांचा तोल गेला होता. चार माणसांत ते म्हणाले, "मंग मानूस वळखामा मी चुकनू."

मी त्यांच्या बाहीला धरून ओढलं. उशीर झाला होता. उखाभाऊंनी पुस्तक टॉवेलात परत गुंडाळलं आणि आत नेऊन ठेवलं. सरलाबाई माझ्याकडे बघत होत्या आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. वेलचीचा चहा तसाच राहिला.

त्यानंतर रविवार आले आणि गेले. ना उखाभाऊंचा फोन, ना मास्तरांचा. भजनाला उखाभाऊ यायचे, तेही बंद झाले. मी दोनदा म्हटलं, चला जाऊन येऊ, एवढं काय. मास्तर म्हणत, त्याने यावं, चूक त्याची आहे. पण सोमवारी टाळ घेताना दाराकडे कोण बघायचं, ते मला दिसत होतं. पुस्तकं उघडणंही कमी झालं. म्हणायचे, डोळे थकतात. मला वाटायचं मन थकलं असेल. दोन्ही खरं होतं.

त्याच सुमारास मी हर्षदाच्या मुलाच्या वाढदिवसासाठी साडी घेतली. निळी. दुकानात चार जणींनी बघितलेली, पिशवीतून काढली तरी निळी. मास्तर म्हणाले, हिरवट आहे. मी म्हटलं, निळी आहे. ते म्हणाले, "मले सांगू नको." बरं बाई, हिरवट तर हिरवट. पण मनात मी म्हटलं, मंगला, आज पहिल्यांदा तुझं बरोबर आहे. आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी भीतीच वाटली. हर्षदाला सांगितलं. तिने दुसऱ्याच दिवशी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, आणि चांगला जुना पिकलेला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी सांगितलं, काका, तुम्ही बरीच वर्षं पिवळ्या काचेतून बघताय. हळूहळू होतं, म्हणून माणसाला कळत नाही. आधी उजवा करू, मग महिन्याभराने डावा. मास्तर त्यांना म्हणाले, रंग तर मला नीट दिसतात. डॉक्टरीणबाई हसल्या आणि ऑपरेशनची तारीख लिहून दिली.

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली त्या सकाळी मी मुद्दामच ती साडी नेसले होते. हो, मुद्दाम. इतक्या वर्षांत एकदा जिंकायची संधी आली होती. मास्तर खाटेवर बसले, डोळा उघडला, पाणी पुसलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हर्षदानी माय, तुनी साडी तं ब्लू शे."

"मंग? मी ब्लूच लेयेल शे!"

ते हसले नाहीत. त्यांनी उजवा डोळा हाताने झाकला आणि डाव्याने बघितलं. मग डावा झाकला, उजव्याने बघितलं. परत. परत. एका डोळ्याला माझी साडी निळी, दुसऱ्याला मेहंदी. मला सुरुवातीला गंमत वाटली. मग मी त्यांचं तोंड बघितलं आणि माझी जिंकायची हौस फिटली. ते माझ्या साडीकडे बघतच नव्हते. त्यांच्या डोळ्यांपुढे उखाभाऊंचं दुकान होतं.

घरी आल्यावर त्यांनी कपाट उघडायला सांगितलं. डॉक्टरांनी वाचायचं नाही म्हणून बजावलं होतं, पण ते वाचणार नव्हतेच. एकेक पुस्तक सोडवून फक्त चित्रं बघत होते, डावा डोळा झाकून. जांभळा म्हणून गुंडाळलेला तुकडा जांभळा होता, तो जुन्या काळातला. अलीकडच्या पुस्तकांवरचे तुकडे सगळे चुकले होते. निळ्याला हिरवा, जांभळ्याला तपकिरी. ते तुकडे त्यांनी एकावर एक रचून ठेवले आणि म्हणाले, "मिलमधल्या शेवटल्या वर्सांमा मी काय काय रिजेक्ट करं व्हई, मले मालूम नही." मी म्हटलं, त्याचं आता काय करणार. ते म्हणाले, त्याचं काही नाही करता येणार, उखाचं येईल.

पण लगेच उठले नाहीत. आज जाऊ, उद्या जाऊ. माणसाला मी चुकलो म्हणायला लाज वाटते हे मला समजतं, पण यांना त्याहून मोठी अडचण होती. यांच्याकडे दुसरं काय होतं? शिक्षण नाही, गावाकडे जमीन नाही. हा डोळा होता. त्यावर खोली झाली, घर झालं, हर्षदाचं शिक्षण झालं, चारचौघांत मान झाला. तो डोळाच खोटा होता हे चार माणसांपुढे बोलायचं म्हणजे आपल्या हाताने आपली पाटी पुसायची. मला त्यांचा राग येत होता आणि दयाही येत होती. शेवटी मीच एका रविवारी चपला घालून दारात उभी राहिले.

उखाभाऊंचं दुकान तेच होतं. उखाभाऊ जमिनीवर बसून कागद निवडत होते, पांढरा एका ढिगात, रंगीत दुसऱ्या ढिगात. दोघांचा भाव वेगळा असतो. आम्हाला बघून ते उठले, हात झटकले. मग उखाभाऊंनी मास्तरांच्या डोळ्यावरचा काळा चष्मा बघितला.

"काय व्हयनं डोयाले?"

"मोतीबिंदू. उजवाना काढेल शे."

"बसा, बसा. सरला, चहा ठेव!"

आणि बसलो. इतकं सोपं होतं. मला वाटलं, झालं, या दोघांना कुठे काय बोलायची गरज आहे. उखाभाऊ मास्तरांचा गुडघा धरून डोळ्याचं सगळं विचारत होते, दुखतं का, थेंब किती वेळा. सरलाबाईंनी चहात पुन्हा वेलची घातली होती. आणि मग उखाभाऊ स्वतःहूनच म्हणाले, मान खाली घालून:

"मास्तर, ते खोटं पुस्तक मी कोनले इकं नही हां. एक मुंबईवाला मांगत व्हता. मी सांगं, माल खोटा शे, मना मास्तरनी दखेल शे. पुठ्ठा फाडीसन वापीनी गाडीमा टाकी दिधं."

वापीला कागद कारखान्यांत जातो. तिथे तो पाण्यात भिजवतात, दळतात आणि त्याचे खोके होतात.

मास्तरांचा कप हातातच राहिला. मी त्यांच्याकडे बघून डोळ्यांनीच सांगितलं, नका. आता नका बोलू. मैत्री परत आली आहे, चहा आला आहे, पुस्तक गेलं ते गेलं. आता खरं सांगून या माणसाला काय देणार आहात? आपल्या हाताने असलं दुर्मीळ पुस्तक फाडलं, एवढंच ना? खोटं राहू दे ते पुस्तक. मी त्यांच्या जागी असते तर गप्प बसले असते, हे मी देवाशपथ सांगते.

मास्तरांनी कप खाली ठेवला. चष्मा काढला.

"उखा, ते पुस्तक खरं व्हतं."

"काय?"

"ब्लू ब्लूच व्हता. मना डोया खोटा व्हता. त्या येळले बी मोतीबिंदूच व्हता. मी तुले चार मानसांमा जे बोलनू, ते मी चुकनू."

उखाभाऊ मास्तरांच्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांचा खालचा ओठ हलायला लागला. मला वाटलं, आता हा माणूस पुस्तकासाठी रडणार, आणि मास्तरांच्या या खरेपणाचा मला इतका संताप आला की विचारू नका.

"म्हंजे," उखाभाऊ म्हणाले, "मना माल खरा व्हता?"

"खरा व्हता."

"मी तुमले खोटा माल नही दिधा?"

"कधीच नही दिधा."

उखाभाऊ उठले. आतल्या दाराशी गेले आणि ओरडले, "सरला! ओ सरला! आयकं का? मास्तर सांगी राहिनात, आपला माल खरा व्हता!" सरलाबाई ओले हात घेऊन बाहेर आल्या. शेजारच्या पंक्चरवाल्यानेही डोकं आत घातलं. उखाभाऊंनी त्यालाही सांगितलं. पुस्तक कुठलं, माल कुठला, त्याला काही कळलं नाही, पण त्यानेही बरं झालं म्हटलं. उखाभाऊंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. पुस्तकाबद्दल एक अक्षर नाही. त्या माणसाने इतके दिवस पुस्तकाचं दुःख केलंच नव्हतं. मास्तरांनी म्हटलं म्हणजे ते खोटंच, आणि ते आपण मास्तरांना दिलं म्हणजे आपणच खोटे, एवढंच तो धरून बसला होता.

सरलाबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, त्या दिवसापासून उखाभाऊंनी पुस्तकाला हात लावणंच सोडलं होतं. त्यानंतर पिसांची दोन पुस्तकं आणखी आली होती. वर पीस दिसलं की न उघडताच गाडीत टाकली. म्हणत, आपल्याला काय कळतं, पुन्हा खोटं निघालं तर? मी हे मास्तरांना तिथे सांगितलं नाही. पण त्यांनी ऐकलं होतं. कान त्यांचे अजून चांगले आहेत.

ते भिंतीला टेकून बसले. आता मात्र ते पुस्तक त्यांना दिसत असणार. हाताने रंगवलेलं एकेक पीस, खाली लिहिलेलं निळं रेशीम आणि वर निळाच रंग. जन्मभर शोधलेली वस्तू हातात आली, तिला खोटं म्हटलं, आणि जिवलग मित्राने तो शब्द खरा मानून ती दळायला धाडली. त्यांच्या बोलण्यावर कुणी कधी शंका घेतली असती तर पुस्तक वाचलं असतं. मीच घेतली असती तर? पण आम्ही सगळ्यांनी त्यांच्यावर नुसता विश्वास ठेवला. मला त्या घडीला त्यांच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला, पण दुकानात माणसं होती.

उखाभाऊ परत आपल्या जागी येऊन बसले आणि कागद निवडायला लागले. गाडी दुपारी येणार होती, काम थांबवून चालणार नव्हतं. थोड्या वेळाने मास्तर सरकत सरकत त्यांच्याशेजारी गेले, मांडी घातली, आणि ढिगातला एक गठ्ठा आपल्याकडे ओढला. लग्नपत्रिका, वह्यांची पानं, औषधांचे कागद. पांढरा इकडे, रंगीत तिकडे. उखाभाऊंचा हात झरझर चालत होता, मास्तरांचा हळू.

मग मास्तरांच्या हातात एक कागद आला, फिकट, जुना, कडेला किंचित पिवळसर किंवा तसा नसेलही. त्यांनी तो उजव्या डोळ्यापुढे धरला, डाव्यापुढे धरला. शटरच्या उजेडाकडे वळवला. आमच्या लग्नाला आता किती वर्षं झाली ते राहू द्या, पण या माणसाने कुणाला रंग विचारलेला मी कधी ऐकलं नव्हतं.

"उखा," त्यांनी कागद पुढे केला, "हाऊ कशामा टाकू?"

उखाभाऊंनी हातातलं काम थांबवलं. कागद घेतला, नीट बघितला, बराच वेळ बघितला.

"पांढरामा टाका, मास्तर."

मास्तरांनी तो पांढऱ्या ढिगात टाकला.